वातेलू ते एरिमाल, चौदा मिनिटे

दोन गावांमधलं अंतर कमी करण्याचे दोन मार्ग राज्यकारभाराच्या शास्त्राला ठाऊक आहेत. पहिला म्हणजे मधे रस्ता, पूल, बोट किंवा विमान असं काहीतरी आणणे. दुसरा म्हणजे अंतर नव्याने मोजणे. पहिल्याला सिमेंट लागतं, डिझेल लागतं, शिवाय ते चालवणारी माणसं लागतात, आणि माणसं म्हटली की ती आजारी पडतात. दुसऱ्याला एक पट्टी आणि एक पेन्सिल पुरते. आमचं सरकार गरीब आहे आणि त्याला त्याची जाणीव आहे, म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला. या काटकसरीबद्दल त्याचं कौतुक करायलाच मी लिहायला बसलो आहे.

मी तारिमास, वातेलू बेटाच्या विमानतळाचा प्रतिनिधी. विमानतळ म्हणजे समुद्राकडे उतरत गेलेला सहाशे मीटरांचा गवताचा पट्टा, एक पत्र्याची शेड, एक रेडिओ आणि एक वजनकाटा. गवत कापणे, डुकरं हाकलणे, वारा कुठून येतोय ते राजधानीला कळवणे आणि उतारूंना सामानासकट काट्यावर उभं करणे, ही माझी कामं. काटा मुळात सुक्या खोबऱ्याच्या पोत्यांसाठी आणलेला आहे, त्यामुळे माणसं त्याच्यावर जरा जड भरतात. काट्यावर चढताना लोक श्वास रोखून धरतात. त्यानं आपण हलके होतो असा बेटावर समज आहे. मी तो खोडून काढत नाही, कारण श्वास रोखलेला माणूस निदान तेवढा वेळ तक्रार करत नाही.

विमान दर दुसऱ्या मंगळवारी राजधानीहून येतं, चाळीस मिनिटं थांबतं आणि राजधानीला परत जातं. गेल्या वर्षी ते सव्वीस वेळा यायचं होतं, त्यातलं सतरा वेळा आलं. उरलेल्या नऊ वेळांपैकी पाच वेळा हवामान, तीन वेळा दुरुस्ती आणि एकदा वैमानिकाच्या मेव्हणीचं लग्न. जे सतरा वेळा आलं, त्यातलं तेरा वेळा उतरलं. चार वेळा त्याने वर दोन घिरट्या घातल्या आणि ते निघून गेलं. (आम्ही खालून हात केला, वैमानिकानेही वरून केला. संबंध चांगले आहेत.)

एरिमाल हे शेजारचं बेट. हवा स्वच्छ असली की आमच्या किनाऱ्यावरून त्याचा डोंगर दिसतो. तिथं रुग्णालय आहे, एक डॉक्टर आहे, आठ नर्स आहेत आणि आमच्यासारखाच एक गवताचा विमानतळ आहे. राजधानीतल्या अंतर-कार्यालयाने काही वर्षांपूर्वी एक सुंदर पत्रक छापलं, ‘देशातील विमानतळांमधील हवाई अंतर व प्रवासकाल’. त्यात एकतीस विमानतळांच्या चारशे पासष्ट जोड्या दिलेल्या आहेत. आमची ओळ अशी आहे: वातेलू ते एरिमाल, बावन्न किलोमीटर, चौदा मिनिटे.

हा आकडा बिनचूक आहे. मी स्वतः भागाकार करून पाहिला. आता, या मार्गावर विमान कधीही उडालेलं नाही, आज उडत नाही आणि उद्या उडेल असं कुणी म्हटलेलं नाही, हे खरं. पण पत्रकाचा विषय प्रवासाला लागणारा वेळ हा आहे, प्रवास हा नव्हे. चारशे पासष्ट जोड्यांपैकी ज्यांच्यात खरोखर विमान जातं अशा तीस आहेत, आणि त्या सगळ्या राजधानीशी जोडलेल्या आहेत. बाकी चारशे पस्तीस मार्ग पूर्णपणे अपघातमुक्त आहेत. असा सुरक्षिततेचा विक्रम जगातल्या कुठल्याही मोठ्या देशाने करून दाखवावा.

खरोखर एरिमालला जायचं असेल तर मंगळवारच्या विमानाने आधी राजधानीला जायचं, तिथं एखाद्या नातेवाइकाच्या ओसरीवर तीन-चार दिवस काढायचे आणि मग एरिमालचं विमान धरायचं. सगळं सुरळीत झालं तर सहा दिवस. नाहीतर उघडी मोटारबोट: समुद्राच्या मनात असेल तर चार तास, आणि वारा आग्नेयेकडून सुटला असेल तर जायचंच नाही. वर्षातले सात महिने वारा आग्नेयेकडूनच असतो. पत्रकात वाऱ्याला रकाना नाही.

एवढ्यावर भागलं असतं. चौदा मिनिटं पत्रकात राहिली असती, आम्ही बेटावर राहिलो असतो आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका कार्यालयाला आरोग्याची काळजी वाटू लागली. तिथं असा नियम झाला की, रुग्णालयापासून तीस मिनिटांच्या आत असलेली वस्ती ‘सन्निध’ समजावी आणि सन्निध वस्तीला वेगळी नर्स देऊ नये, कारण तीच नर्स एखाद्या दूरच्या, गरजू वस्तीच्या उपयोगी पडेल. नियम न्याय्य आहे. कुणाला पटणार नाही?

आमच्याकडे नर्स होती. सिस्टर रूथलिन. दोन खोल्यांचा दवाखाना, एक खाट, एक रॉकेलचा फ्रिज आणि अकरा वर्षं. या अकरा वर्षांत तिच्या हातून एकशे त्रेसष्ट मुलं जन्मली, त्यातली दोन माझी. बाई जिभेची तिखट. माझा पाय खुरप्याने कापला तेव्हा टाके घालताना म्हणाली होती, “तारिमासदादा, गवत विमानासाठी कापायचं असतं, पाय नव्हे. पाय काही विमानाला आडवा येत नव्हता.”

पाहणीसाठी राजधानीहून साहेब आले, एमील तावारी नावाचे. तरुण, घामाघूम, काखेत फायलीची पेटी. मी त्यांना काट्यावर घेतलं (परतीच्या वजनाचा अंदाज आधीच लागतो), शेडमध्ये बसवलं, हातात शहाळं दिलं. बायकांनी किसलेल्या कंदांचा, केळीच्या पानात भाजलेला लापलाप आणून ठेवला. थोरले मोलिवोनो, म्हणजे आमच्या बेटाचे प्रमुख, ठेवणीतला शर्ट घालून समोर बसले. सिस्टर रूथलिन दाराशी उभी राहिली.

“थोडी घाई करू या,” साहेब म्हणाले. “विमान चाळीसच मिनिटं थांबतंय. ते चुकलं तर मी पंधरा दिवस इथं अडकेन. इथून कुठं जाताही यायचं नाही.”

“खरंय,” थोरले म्हणाले. “खा आधी.”

साहेबांनी दोन घास खाल्ले आणि अर्ज उघडला. चौदा मिनिटांचा आकडा पत्रकातून आधीच उतरवून आणलेला होता. पण आमचं सरकार नुसत्या पत्रकावर विसंबत नाही. स्थानिक जनतेचा आवाज त्याला महत्त्वाचा वाटतो. म्हणून अर्जात सातवा प्रश्न होता: ‘आपल्या वस्तीपासून रुग्णालय लांब आहे की जवळ? (उत्तर वस्तीच्या प्रमुखाने स्वतः द्यावे.)’

इथं आमच्या बेटाची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्यात पाहुण्याला ‘लांब’ असं सांगत नाहीत. वाटेने चाललेल्या माणसाने विचारलं, अमुक गाव किती लांब, की उत्तर एकच: “हे काय, इथंच. जवळच.” लांब म्हटलं की त्याचे पाय गळतात आणि डोक्यावरचं ओझं दुप्पट होतं. गाव तर तुमच्या बोलण्याने अलीकडे सरकत नाही, मग त्याचं मन कशाला खचवायचं? ‘लांब आहे’ म्हणणारा माणूस आमच्यात उद्धट समजला जातो, पाहुण्याला दारातून हाकलल्यासारखं ते असतं. आम्हाला आपापसात यातलं सगळं कळतं. “जवळच” म्हणजे अर्ध्या तासापासून दीड दिवसापर्यंत काहीही. “जरा पुढं” म्हणजे बरोबर खायला घ्या. आणि हनुवटी वर उचलून नुसतंच “ते तिकडं” म्हटलं, तर घरच्यांचा निरोप घेऊन या. एकदा एक नवे शिक्षक डोंगरापलीकडच्या शाळेत रुजू व्हायला निघाले. त्यांना वाटेत पाच ठिकाणी “जवळच” सांगण्यात आलं आणि ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. पुढं ते आमच्याच बेटावर लग्न करून राहिले, आणि आता तेही तेच सांगतात.

तर साहेबांनी प्रश्न सात वाचला. विचारताना त्यांची मान पुढं आलेली, कपाळावरून घाम गळतोय, एक डोळा घड्याळावर. थोरल्यांनी त्या दमलेल्या पोराकडे पाहिलं आणि त्यांना त्याची कणव आली.

“रुग्णालय ना?” थोरले म्हणाले. “हे काय, जवळच.”

दाराशी सिस्टर जोरात खोकली.

“थोरले!” ती म्हणाली. “अहो, नीट सांगा त्यांना. जवळच काय जवळच?”

“सिस्टर, पाहुणा आहे तो,” थोरले खालच्या आवाजात म्हणाले. “त्याला अजून परत जायचंय. असं तोंडावर बोलतात का?”

“मी बोलते तोंडावर. साहेब, ऐका माझं. सहा दिवस लागतात. सहा. बोटीनं गेलं तर चार तास, आणि बोट निघेल त्या दिवशी. गेल्या पावसात तापानं फणफणलेलं पोर घेऊन आम्ही किनाऱ्यावर नऊ दिवस बसलो होतो. समुद्र खाली बसायची वाट बघत.”

साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. (तसं शिकवलेलं असतं.) “ताई, तुमचं म्हणणं मी समजू शकतो. पण तुमची जागा राहणार की जाणार, यासाठीच ही पाहणी आहे. तुम्ही हितसंबंधी पक्ष. तुमचं उत्तर इथं कसं धरणार? प्रमुखांचंच धरावं लागतं.”

“म्हणजे ज्याला माहीत आहे त्यानं बोलायचं नाही?”

“बोला ना. बोलायला काहीच हरकत नाही. लिहिता येणार नाही, एवढंच.”

मग त्यांनी साक्षीदार मागितला, आणि पेन माझ्यापुढं आलं. मी काय केलं ते सांगतो. मी थोरल्यांकडे पाहिलं. त्यांच्यादेखत त्यांनी पाहुण्याला दिलेला शब्द खोटा पाडायचा, तर मला पुन्हा बैठकीत कावा या मुळांच्या पेयाची वाटी कुणी पुढं केली नसती. मी सिस्टरकडे पाहिलं नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून मी सही केली, आणि सही ठसठशीत आली. त्या सहीची मला आजही लाज वाटते. साहेबांनी उरलेला लापलाप पानासकट बांधून घेतला आणि ते वेळेत विमानात बसले.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. ‘आपले बेट सन्निध घोषित करण्यात येत असून त्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन.’ खाली दुसऱ्या परिच्छेदात, दवाखाना बंद करून सिस्टर रूथलिन यांनी नव्या जागी रुजू व्हावे. नवी जागा एरिमालचं रुग्णालय. कारण असं दिलेलं होतं की, वातेलूचे सगळे रुग्ण आता एरिमालला येऊ लागणार असल्यामुळे तिथल्या आठ नर्सांवर ताण पडेल. एवढा पुढचा विचार करणारं खातं विरळाच.

सिस्टर त्याच मंगळवारी निघाली. काट्यावर उभी राहिली तेव्हा तिने श्वास रोखला नाही. उलट थोरल्यांना ऐकू जाईल असा मोठा उसासा टाकला. मला बाजूला घेऊन म्हणाली, “दादा, तुमच्या भाचीवर लक्ष ठेवा. लेइसावाचं मूल पोटात आडवं आहे. वळलं तर ठीक. नाही वळलं तर मला, तुम्हाला, कुणालाच इथं ते काढता यायचं नाही, तिथं डॉक्टरच पाहिजे. महिनाभर आधीच एरिमालला आणून ठेवा तिला. समजलं का? आधी. दुखायला लागल्यावर नव्हे.”

समजलं, असं मी म्हणालो.

सिस्टर राजधानीमार्गे एरिमालला अकराव्या दिवशी पोचली. तिथल्या हजेरीपटावर प्रवासाला पत्रकाप्रमाणे चौदा मिनिटं मंजूर होती, त्यामुळे उरलेले दहा दिवस, तेवीस तास आणि शेहेचाळीस मिनिटं ती विनापरवानगी गैरहजर लागली. अकरा वर्षांत तिचा हा पहिलाच खाडा.

थोरल्यांना आता झोप येईना. करायला गेलो काय आणि झालं काय, असं ते दिवसभर पुटपुटत हिंडायचे. पत्राच्या पाठीवर अपिलाची सोय छापलेली होती. अपील प्रमुखाने स्वतः एरिमालच्या शाखेत पत्र मिळाल्यापासून एका दिवसात दाखल करावं. चौदा मिनिटांच्या प्रवासाला आख्खा दिवस म्हणजे शंभरपट सवलत होती, त्यामुळे कुणाची कुरकूर असण्याचं कारण नव्हतं. थोरले आठ दिवस किनाऱ्यावर बसून राहिले. नवव्या दिवशी वारा पडला तेव्हा एक चटई आणि पाच मोठे सुरणाचे गड्डे घेऊन ते बोटीने गेले.

तिथं काय झालं ते त्यांनी परत आल्यावर बैठकीत स्वतः सांगितलं. शाखेतल्या कारकुनाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपुलकीने विचारलं, “काय थोरले, प्रवास कसा झाला? फार लांबून आलात?”

“मग?” आम्ही सगळ्यांनी विचारलं.

नाही म्हटलं तरी आमची रीत दोन्ही बाजूंनी असते. पाहुण्याला लांब म्हणायचं नाही तसं पाहुण्यानेही आपण लांबून आलो असं म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर यजमानाला वाटतं की, आपण याला फुकट तंगडतोड करायला लावली.

“काय सांगितलंत तुम्ही?” माझी बहीण रोसेल म्हणाली. लेइसावा तिची मुलगी.

“म्हटलं, छे छे, जवळच तर आहे,” थोरले म्हणाले. “काय करू, पोरी? त्यानं पाणी दिलं होतं गं मला.”

कारकुनाने ते लिहून घेतलं. निकाल तिथल्या तिथं लागला. एक, अपील मुदतीनंतर आलं. दोन, अंतर जवळच असल्याचं अपीलकर्त्याने पुन्हा एकदा मान्य केलं. तीन, अपीलकर्ता कार्यालयात स्वतः पोचला यावरून पोचता येतं हे सिद्ध होतं. अपीलकर्ता पोचला नसता तर अपील झालंच नसतं, तेव्हा तिसऱ्या मुद्द्यातून आजवर कुणीही सुटलेलं नाही. चटई त्यांनी ठेवून घेतली.

इकडे लेइसावाचे दिवस भरत आले. मूल वळलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका पोटावर हात ठेवून बघायच्या आणि उठून जायच्या. मी रेडिओवरून रुग्णाचं सरकारी तिकीट मागितलं, वातेलू ते राजधानी ते एरिमाल. उत्तर आलं की, रुग्णाचं तिकीट मंजूर जवळच्या मार्गानेच मिळतं, मंजूर मार्ग बावन्न किलोमीटरांचा असताना साडेसहाशे किलोमीटरांचा वळसा घालण्याचं प्रयोजन काय, ते कळवावं. मी कळवलं की, बावन्न किलोमीटरांच्या मार्गावर विमान नाही. उलट कळवण्यात आलं की, विमान नसणे ही वाहतूक विभागाची बाब आहे, अंतराची नव्हे.

मग आम्ही घरचे पैसे काढले. रोसेलने डुकरं विकली. मंगळवारी विमान आलं, उतरलं, एक जागाही रिकामी होती. लेइसावाला मी स्वतः काट्यावर उभं केलं. तिने हसत श्वास रोखला आणि म्हणाली, “मामा, दोघांचं धरा हां वजन. मग म्हणाल फसवलं.”

वैमानिकाने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“तारिमासदादा, सात महिन्यांच्या वर दिसतेय. नर्सचा दाखला?”

“नर्स नाही आमच्याकडे. बदली झाली.”

“कुठं?”

“एरिमालला.”

“मग तिच्याकडून आणा की,” वैमानिक म्हणाला. मनाचा वाईट नव्हता तो. “दाखल्याशिवाय मला नेता येत नाही. वर काही झालं तर माझं लायसन जाईल. जवळच आहे ना एरिमाल? पुढच्या फेरीपर्यंत आणून ठेवा.”

नियम मला पाठ होता. तो शेडच्या भिंतीवर मीच डकवलेला आहे, दोन वर्षांपूर्वी, चारही कोपऱ्यांना खिळे मारून. मी लेइसावाला काट्यावरून खाली उतरवलं आणि तिच्या जागेवर खोबऱ्याची दोन पोती गेली. पोत्यांना दाखला लागत नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी, लोक शेतावर निघायच्या वेळेला, तिला दुखायला लागलं. मी पट्ट्यावर धावत गेलो आणि रेडिओ लावला.

“वातेलू बोलतोय, वातेलू. बाळंतीण अडली आहे. मूल आडवं आहे. विमान पाठवा.”

“कुठून कुठं, काका?” राजधानीतून एका मुलीचा आवाज आला. गोड आवाज होता.

“वातेलू ते एरिमाल.”

पानं उलटल्याचा आवाज. “हं, सापडलं. चौदा मिनिटं.”

“हो बाई, चौदा मिनिटं, पण विमान...”

“मग काका, रेडिओवर कशाला वेळ घालवताय? निघा की लवकर.”

मला शिवी द्यायची होती. दिली नाही. त्या मुलीने काय चुकीचं सांगितलं? तिच्या पुढ्यात कागद होता, कागदावर आकडा होता, आणि त्या आकड्याच्या मागे कुठंतरी दडून बसलेली माझी सही होती. रेडिओ बंद करून मी किनाऱ्यावर गेलो.

वारा आग्नेयेचा होता. बोटवाला समुद्राकडे बघत उभा होता, आणि त्याने हनुवटी वर उचलून एरिमालच्या दिशेला दाखवलं. तरी आम्ही बोट लोटली. पुढं थोरले बसले. त्यांनी येऊ नये असं सगळ्यांनी सांगितलं, पण ते ऐकेनात. मधे चटईवर लेइसावा, तिचं डोकं रोसेलच्या मांडीवर. मी डब्याने पाणी उपसत होतो. डोंगर समोर दिसत होता, छान निळा, अगदी चित्रात असतो तसा, आणि दोन तास झाले तरी तेवढाच दिसत होता.

लाटा आत येत होत्या. लेइसावाचे ओठ पांढरे पडले होते. कळ येऊन गेली की ती डोळे उघडायची आणि कुणाचा तरी हात शोधायची. एकदा माझा सापडला.

“मामा,” ती म्हणाली, “अजून किती लांब आहे?”

थोरल्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या डोळ्यांत मला भीती दिसली, मी काय उत्तर देतो याची. मला वाटलं, खरं सांगावं. एकदा तरी या समुद्रावर कुणीतरी मोठ्याने ‘लांब’ म्हणावं, घसा फाटेपर्यंत, राजधानीला ऐकू जाईल असं. पण तिचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता.

“हे काय, पोरी,” मी म्हणालो. “इथंच. जवळच.”

ती हसली. तीही वातेलूचीच. तिला माहीत होतं.

आता तुम्ही विचाराल, पुढं काय झालं. लेइसावा पोचली का? मूल निघालं का? विचारलंत, बरं वाटलं. पण विचारताना तुमचा चेहरा कसा झालाय ते मला इथून दिसतंय. मान जरा पुढं, भुवया वर, आणि मनात एक उत्तर आधीच तयार, फक्त कुणीतरी ते उच्चारायचं बाकी. दोष देत नाही मी. तुम्ही एवढं अंतर वाचत आलात, दमला असाल. अजून तुमची कामं आहेत, जेवण आहे, रात्री शांत झोप लागायला हवी. अशा पाहुण्याला तोंडावर भलतं काही सांगावं, असं आमच्यात कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

हो, पोचली. वेळेत पोचली. दोघंही सुखरूप आहेत. एरिमाल काही लांब नाही.